तेलात भिजवलेला कापूस

आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी घाटंजीहून यवतमाळला न्यावं लागतं. रस्त्यात जंगलाजवळ एक चढ आहे. बाकीच्यांना तो चढ वाटतही नाही, दुचाकीवाले गप्पा मारत चढून जातात. मी मात्र त्याच्या बऱ्याच आधीपासून गाडीला वेग द्यायला लागतो. माझी गाडी जुनी, पेट्रोलची, आणि तिला मागाहून गॅस किट बसवलेली. चढावर आली की ती दमेकऱ्यासारखी धापा टाकते. दोनदा ती ऐन चढावर बंद पडली. दुसऱ्या वेळी हँडब्रेक ओढूनही ती हातभर मागे सरकली. मागून ट्रक येत होता. आरशात पाहिलं तर आई डोळे घट्ट मिटून बसली होती.

त्या दिवसापासून भीती माझ्या मानगुटीवर बसली. उशीर झाला की आईचं मशीन दुसऱ्या पेशंटला लावतात. एक खेप चुकली की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, आडवं झालं की तिला श्वास पुरत नाही. एकदा चुकली होती. तिच्या छातीतला तो आवाज ऐकल्यापासून मी घड्याळाकडे माणसासारखं बघू शकत नाही.

पाण्याचंही तसंच. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलंय. सकाळी आई एका बाटलीत ते मोजून भरते आणि दिवसभर झाकणानं पिते. एक झाकण उठल्यावर, एक गोळ्यांसोबत, बाकीची प्रवासात. तरी दर वेळी मशीन लावण्याआधी दवाखान्यातल्या वजनकाट्यावर ती जास्तच भरते, आणि तिथली सिस्टर तिला लहान पोरीसारखं रागावते. मला त्या सिस्टरचा राग येतो. आईला येत नाही.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात आणि फिरत्या होऊन जातात. तांब्याची तार भरण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. असं मीच म्हणतो, कारण दुसरं कोणी म्हणत नाही. आता ज्याला मोटार कळते त्याला इंजिनही कळतं, असं मी गृहीत धरलं. तिथंच माझं गाडं चुकलं.

मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. गाडीच्या हवेचा मूळचा डबा काढून टाका, रुंद पाइप बसवा, टोकाला मोकळा फिल्टर लावा, इंजिनाला भरपूर हवा मिळते आणि गाडी जोर धरते. तो फिल्टर कशाचा, तर तेल लावलेल्या कापसाचा. मला हसूच आलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा! शेतातून नुकताच वेचून आणलेला कापूस आमच्या घरात छतापर्यंत रचलेला होता, आणि लोक म्हणे कापसाचे फिल्टर बाहेरून मागवतात.

दुकानात विहिरीच्या कामाचे पीव्हीसी पाइपचे तुकडे पडलेलेच होते. एक बेंड, एक रबरी जोड, दोन क्लॅम्प आणि चाळणीची तारेची जाळी. जाळीचा मी नळकांड्यासारखा घाट केला. आत-बाहेर जाळी आणि मध्ये कापूस. सरकी काढलेला कापूस मात्र हवा होता, आणि तो आईकडे होता. आजारपणानंतर तिचं शेतात जाणं बंद झालं. तेव्हापासून ती ओट्यावर बसून हातानं सरकी काढते आणि वाती वळते. अख्ख्या गल्लीचे दिवे तिच्या वातींवर चालतात.

मी तिच्या टोपलीतला मूठ-दोन मूठ कापूस घेतला, जाळीत नीट पसरला आणि त्यावर शिलाई मशीनचं तेल सोडलं. ती वाती वळता वळता बघत होती.

"काय करून राह्यला बाबू?"

"गाडीचं फिल्टर."

तिनं हात थांबवला. "तेलात भिजोला कापूस, म्हणजे वातच झाली न रे. इंजिनात वात कायले ठेवतं?"

"तुले काय समजते इंजिनातलं? तू आपल्या वाती वळ."

ती खाली बघून पुन्हा वाती वळू लागली. माझा स्वभाव असाच आहे, आधी तोंड चालतं.

रविवारी पाइप बसवला. मूळचा काळा डबा स्क्रूंसकट काढून दुकानात ठेवला. गाडी सुरू केली तेव्हा तिचा आवाजच बदलला होता, चांगला घोगरा, दमदार. पुढच्या खेपेला ती चढ दुसऱ्या गिअरवर चढली. मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो. चहाच्या टपरीवर चारचौघांना बॉनेट उघडून दाखवलं.

परत येताना उतारावर ॲक्सिलेटर सोडला, तेव्हा बॉनेटखाली फट् असा आवाज झाला. फार मोठा नाही. घरी येऊन बघितलं तर कापसाचं आतलं टोक तपकिरी झालं होतं. जळक्या तेलाचा वास येत होता. मी तिथंच उकिडवा बसून राहिलो. मला कळलं होतं. गॅसवरची गाडी कधीकधी उलटी शिंकते, हे मीही ऐकून होतो. इंजिनातला जाळ हवेच्या वाटेनं मागे येतो. त्या वाटेवर मी काय ठेवलं होतं, ते आईनं ओट्यावर बसल्या बसल्या सांगितलं होतं.

काळा डबा दुकानात होता. अर्ध्या तासाचं काम. पण टपरीवर एवढी शेखी मिरवल्यावर आणि आईला तसं बोलल्यावर तो परत बसवायला माझे हात धजले नाहीत. जळका कापूस काढून टाकला, नवा भरला, तेल जरा कमी सोडलं. मनाची समजूत घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. आई नेहमीसारखी मागे बसली. मागच्या दाराची आतली मूठ तुटलेली आहे, म्हणून ते दार मला बाहेरून उघडावं लागतं. काच तेवढी खाली होते. पाण्याची बाटली तिच्या मांडीवर होती. मी रस्त्यापेक्षा बॉनेटकडे जास्त बघत होतो. बारीकसा आवाज झाला तरी पाय ब्रेककडे जायचा. पुढे कापसानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली चालली होती, ताडपत्रीतून पुंजके उडत होते. तिच्या मागे मागे चढ चढलो. माथ्यावर आलो आणि मला वाटलं, सुटलो. ॲक्सिलेटरवरचा पाय काढला.

या वेळचा आवाज मोठा होता. बॉनेट हलल्यासारखं दिसलं आणि फटींमधून धूर निघाला.

आता जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी गाडी बाजूला घेतली, चावी बंद केली, उतरलो आणि बॉनेटकडे धावलो. आईकडे नाही, बॉनेटकडे. मी केलेली वस्तू जळत होती आणि मी तिच्याकडे धावलो. बॉनेट उघडलं तर जाळीतून पिवळी ज्योत येत होती. शांत, देवघरातल्यासारखी. पाइप मऊ होऊन वाकला होता. तेव्हा मला आठवलं की मागचं दार आतून उघडत नाही आणि गॅसची टाकी आईच्या पाठीमागे डिक्कीत आहे.

ज्योत विझवू, टाकीचा कॉक बंद करू की दार उघडू? मी जागेवरच खिळलो. किती वेळ ते सांगता येत नाही. दोन श्वासांचाच असेल.

"बाबू!" आईनं काच खाली करून हात बाहेर काढला होता. हातात बाटली होती. "घे, टाक त्याच्यावर!"

मी बाटली घेतली आणि सगळी जाळीवर रिकामी केली. चर्र झालं, धूर झाला, ज्योत बसली. तोवर पुढचा ट्रॅक्टरवाला उतरून धावत आला होता. त्यानं ओंजळीनं माती टाकली. "बाईले काढा न भाऊ आंधी, पाहून काय राह्यले!" तो ओरडला. तेव्हा कुठे मी दार उघडलं. घाईत तिचा डावा हात धरला, आणि चटका बसल्यासारखा सोडला. त्या हाताला मशीनसाठी शीर जोडलेली आहे, तो ओढायचा नसतो. तिनंच माझ्या खांद्यावर उजवा हात ठेवला आणि ती उतरली. डिक्की उघडून टाकीचा कॉक मी सगळ्यात शेवटी बंद केला.

ट्रॅक्टरवाल्यानं यवतमाळकडे जाणारी एसटी हात करून थांबवली. कंडक्टरनं आईला पुढची सीट करून दिली. मी तिच्याजवळ उभा होतो. वाटभर ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटत होतं तिनं बोलावं, शिव्या द्याव्यात, वातीचं काढावं. एकदा तिनं नेहमीच्या सवयीनं मांडीवर हात फिरवला, बाटली चाचपली आणि हात परत पदरात घेतला.

"आई, स्टँडवर पाणी घेऊ का?"

"नको. मापाचं होतं ते झालं."

माप संपलं होतं हे खरंच होतं, आणि ते कुठं संपलं हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

मशीन अजून कुणाला लावलं नव्हतं. सिस्टरनं आईला काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसली. "वा आजी! आज वजन चांगलं आलं. पाणी सांभाळलं वाटते. असंच करत जा बरं."

मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या हातांना जळक्या तेलाचा वास होता. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिचे ओठ कोरडे पडून सोलवटले होते.

"हो बाई," ती म्हणाली, "आज तहानच नाई लागली."