पंचमीला आणलेला चाकू

आबांना मी दिलेली एकही वस्तू त्यांनी कधी वापरली नाही. स्वेटर, घड्याळ, चार्जिंगची बॅटरी, सगळं खोक्यासकट लोखंडी कपाटात. "छान हाय, ठेवून दे," म्हणायचं की संपलं! माझा बाप फौजेतून रिटायर झाला, पण त्याच्या वस्तूंना रिटायर व्हायची परवानगी नाही. त्यांच्या खिशातला घडीचा चाकूच बघा ना. ऊस सोला, सुतळी कापा, पेरू चिरा. धार लावून लावून पातं दाभणाएवढं उरलेलं, मुठीला सुतळी गुंडाळलेली. त्यात मेला मध्येच मिटायचा आणि आबांचं बोट कापायचा. मला धास्तीच बसली होती.

म्हणून यंदा ठरवलं, चाकूच न्यायचा. हाही कपाटात गेला, तर पुन्हा आबांना काही म्हणजे काही आणणार नाही.

सांगलीत दुकानात गेले, तर दुकानदारानं गुलाबी मुठीची सुरी पुढे केली. "वहिनी, भाजीला ना?"

डोकंच सणकलं. म्हटलं, "भाजीला घरात विळी आहे. खिशात ठेवायचा दाखवा."

मग एकेक निघाला. एकात बाटली उघडायचं, कात्री, दात कोरायचं, सगळा संसार होता. एकाचा खटका इतका घट्ट की माझं नखच तुटलं. आबांचा अंगठा संधिवातानं वाकत नाही, म्हणून मीही अंगठा ताठ धरून प्रत्येक चाकू उघडत होते. दुकानदार माझ्याकडे संशयानं बघायला लागला. शेवटी एक सापडला. शिसवी मूठ, नखासाठी खोल खाच, आणि उघडला की टक् करून पक्का बसणारा. हातात धरल्या धरल्या मला तो आवडला.

पंचमीला शिराळ्याजवळ माहेरी गेले आणि उंबऱ्यातच चाकू खोक्यातून काढून आबांच्या हातात दिला. आई किंचाळलीच.

"चाकू असा हातात देत्यात व्हय? खाली ठेव आदी! आन् आज पंचमी. कापायचं न्हाई, चिरायचं न्हाई. फ्लॅटात ऱ्हाऊन इसरलीस?"

विसरले होते खरी. आबा दिवसभर ओट्यावर बसून चाकू उघडत होते, मिटत होते. टक्. टक्.

"आवं, मिटा ते!" आई आतून ओरडायची.

"कापत न्हाई गं. बगतोय नुस्तं."

संध्याकाळी आई बायकांबरोबर झोक्यावर बसली आणि तिचा पदर दोराच्या गाठीत अडकला. उतरता येईना.

"आवं, बगताय काय? काढा त्यो चाकू! कापा पदर!"

आबा हात मागे बांधून उभे. "आज पंचमी हाय."

बायका हसून हसून लोळल्या. आईनं अख्ख्या फौजेचा उद्धार केला. आबांनी तशाच ताठ अंगठ्यानं गाठ हळूहळू सोडवली, घरात गेले, आणि कपाटाचं दार कुरकुरलं. मला रडूच फुटलं.

सकाळी निघताना रागारागानं कपाट उघडलं. म्हटलं, सगळं परत घेऊन जाते! वरच माझं चाकूचं खोकं. झाकण काढलं, तर आत सुतळीच्या मुठीचा जुना चाकू, रुमालात नीट गुंडाळून ठेवलेला.

बाहेर ओट्यावर टक् वाजलं. आबा नव्या चाकूनं पेरू चिरत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "त्येला धाडला पेन्शनीवर."