दहा इंची भांडं, पंचाहत्तर माणसं

आत्या रोज सकाळी चहाआधी थंड ओव्हनमध्ये हात घालायची. डाव्या भिंतीपासून उजव्या भिंतीपर्यंत वीत टाकत न्यायची, तोंडातल्या तोंडात मोजायची आणि मग दार लावायची. ओव्हन काही रात्रीतून आकसत नाही, असं बाबा तिला चिडवायचे. "आकसत नाही दादा, पण माणूस विसरतो," ती म्हणायची.

बावीस वर्षं ती एका बेकरीत केक करत होती. बेकरी बंद झाली तशी ती आमच्याकडे आली, येताना केकची चार भांडी आणि स्वतःचा जुना ओव्हन घेऊन. हाताला काम नाही म्हणून घरातले डबे घासून घासून तिने पांढरे केले. आठ महिन्यांनी कोपऱ्यावरच्या कार्यक्रमाच्या हॉलमधून निरोप आला. लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या एका जोडप्याचा समारंभ होता, चाळीस माणसं. हॉलच्या व्यवस्थापकांनी आडपडदा ठेवला नाही. "हा केक म्हणजे तुमची परीक्षा समजा. एकही पाहुणा केकशिवाय परत गेला नाही, तर इथले सगळे केक तुमचे. गेला, तर आपला राम राम."

समारंभाच्या दिवशी अकरा वाजता आत्याने दहा इंची भांड्याला लोणी फासलं. दहा इंची गोल भांड्यात बोटभर लांबीचे अडतीस तुकडे बसतात, नेटाने कापले तर चाळीस. तेवढ्यात फोन वाजला. तिने लोण्याच्या हाताने तो उचलला, ऐकलं आणि स्टुलावर बसली.

"पंचाहत्तर," ती म्हणाली. "दोघांच्याही घरचे सगळे येतायत म्हणे."

"मग काय अवघड आहे?" बाबा पेपर खाली न ठेवताच बोलले. "चाळिसाला दहा इंच, तर ऐंशीला वीस इंच. साधं गणित."

"वीस इंचात दीडशे माणसं खाऊन उठतील, दादा. लांबीबरोबर रुंदीही वाढते. तू आपला पेपर वाच."

अर्ध्या तासात हॉलचा माणूस एकच मोठा केक करा असा निरोप आणि चौदा इंची भांडं देऊन गेला. ते नवंकोरं होतं, आणि आत्याच्या हिशेबाने त्यात बरोबर पंचाहत्तरांची सोय होत होती. तिने ते रिकामंच ओव्हनमध्ये सरकवलं. भांड्याच्या दोन्ही बाजूंना तिचं करंगळीचं नखसुद्धा जेमतेम शिरलं.

"बसलं की!" मी म्हणाले.

"बसायला काय, मीही बसेन," ती म्हणाली. "गरम हवा कुठून फिरणार?"

मग तिने मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. बेकरीतल्या पहिल्या वर्षी, एका शाळेच्या समारंभासाठी, तिने असाच भिंतींना चिकटणारा केक भाजला होता. भरल्या सभागृहात सुरी मधोमध गेली आणि आतून कच्चं पीठ ओघळलं. कडा कोळसा झाल्या होत्या. सगळे हसले, आणि बेकरीच्या मालकांनी तिला सहा महिने फक्त भांडी घासायला लावली.

"पण व्यवस्थापकांना एकच केक हवाय," मी म्हणाले.

"त्यांना केक हवाय, मला तो शिजायला हवाय." तिने चौदा इंची भांडं उचलून बाहेर ठेवलं. "ती दोघं पन्नास वर्षं शेजारी शेजारी राहिली ना? मग केकही दोन."

दहा इंची भांडं मात्र एकच होतं. पहिला केक बारा वाजता आत गेला. एकला बाहेर आला, तेव्हा तो भांड्यातून निघेपर्यंतची दहा मिनिटं आत्या नुसती घड्याळाकडे बघत उभी होती. मी भांडं धुतलं, तिने नवं मिश्रण घोटलं. दीडला दुसरा आत. मधे बाबांनी ओव्हनचं दार उघडून डोकावायचा प्रयत्न केला आणि आत्या अशी ओरडली की ते गुपचूप दुसऱ्या खोलीत गेले.

पाचला केक हॉलवर हवे होते, आणि पावणेचारला दुसऱ्या केकचं पोट अजून कोमट होतं. वर क्रीम लावलं की ते घसरणार. घरातले दोन्ही पंखे आम्ही ओट्यावर लावले. आत्या दर मिनिटाला हाताची मागची बाजू केकजवळ नेत होती. सव्वाचारला ती म्हणाली, "आण क्रीम." क्रीम टिकलं.

हॉलमध्ये दोन केक शेजारी शेजारी बघून व्यवस्थापकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण म्हाताऱ्या जोडप्याने एकेक सुरी हातात घेतली, टाळ्या झाल्या आणि व्यवस्थापक बाजूला सरकले. आत्याने सुटकेचा श्वास टाकला न टाकला तोच हॉलच्या एका मिशाळ वाढप्याने सुरी घेतली आणि पहिल्या केकमधून कलिंगडाची फोड काढावी तसा भलामोठा त्रिकोण काढला.

"अहो, थांबा!" आत्या माणसांमधून वाट काढत पुढे झाली. "त्रिकोण नाही. सरळ पट्ट्या, मग आडवे तुकडे."

"बाई, वीस वर्षं केक कापतोय मी."

"मग वीस वर्षं निम्मे पाहुणे कोरडे गेले असतील. द्या इकडे."

वाढप्याने व्यवस्थापकांकडे बघितलं. तेवढ्यात आत्याने सुरी घेतली.

दोन केकचे शहात्तर तुकडे व्हायचे होते. त्या त्रिकोणाने चार खाल्ले. उरले बहात्तर, आणि समोर पंचाहत्तर माणसं. तिने त्रिकोण बाजूच्या बशीत ठेवला आणि कापायला लागली. एक सरळ रेघ, गरम पाण्यात सुरी, पुसणं, पुढची रेघ. मी बशा पुढे करत होते आणि मनातल्या मनात मोजत होते. पन्नास. साठ. रांगेत शेवटी एक आजोबा, त्यांची सून आणि तिच्या कडेवरची मुलगी होती. बहात्तरावी बशी आजोबांच्या पुढच्या बाईंना गेली. ट्रे रिकामा झाला.

आत्याने तो त्रिकोण पुढे ओढला. टोकाकडून एक तुकडा आडवा छाटला, उरलेला मधून उभा चिरला. तीन तुकडे, तिन्ही वेगळ्या आकारांचे. आजोबांना कडेचा मिळाला, क्रीम जास्त असलेला. ते खूश झाले.

व्यवस्थापक रिकाम्या ट्रेजवळ येऊन उभे राहिले. त्यांना स्वतःला केक मिळाला नव्हता.

"पुढच्या रविवारी एकशे वीस आहेत," ते म्हणाले. "जमेल?"

आत्याने सुरी पुसली.

"किती वाजता लागेल?" ती म्हणाली.