टॉवेलाखालची बोटं

शिरूरच्या मेंढीबाजारात मी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकून उभा होतो. उघडा कॅमेरा दिसला की माणसं लग्नातल्या फोटोसारखी ताठ होतात, म्हणून सगळं टॉवेलाखाली चाचपून लावायचं, असं दौंडहून निघतानाच ठरवलं होतं. हुशारीच ती.

माझा कॅमेरा जुना, फिल्मचा. तो स्वतःहून काही करत नाही. लेन्सला खाली बोटाएवढी खुंटी आहे; ती सरळ खाली असली की फोकस दोन मीटरवर. उजेड आत घेणारं छिद्र कडक उन्हात सोळाच्या आकड्यावर, सावलीत कडी चार टिचक्या मागे फिरवून मोठं करायचं. रोलमधला शेवटचा फोटो उरला होता. मला हवा होता तो सौदा: विकणारा आणि घेणारा फडक्याखाली एकमेकांची बोटं दाबतात आणि तोंडानं न बोलता भाव ठरतो, तो.

समोर एक आप्पा मेंढा विकत होते. टोपीवाल्या गिऱ्हाइकाशी बोलणं अर्ध्यावर आलेलं.

"घ्या हो पाव्हणं," आप्पा काकुळतीनं म्हणाले. "ह्यो नव्या मेंढ्याशी रोज टकरा घेतोय. परत न्हेला तर एकाचं डोस्कं फुटंल."

मी खुंटी चाचपू लागलो. तेवढ्यात आप्पांच्या दलालानं माझ्या टॉवेलाची हालचाल पाहिली आणि सरळ आत हात घातला.

दचकून मी त्याचा हात गच्च दाबला.

"धरली! नव्या पाव्हण्यानं बोटं धरली!" तो ओरडला.

टोपीवाला ताडकन उठला. "माझं बोलणं चालू आन् तुम्ही दुसऱ्याला हात देता व्हय आप्पा? ऱ्हाऊ द्या तुमचा मेंढा!" तो टेम्पोकडे निघाला. आप्पा माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेला खुंटी नव्हती, तरी फोकस अचूक होता.

भोवती घोळका जमला. बोटं दाबून मागं सरणारा माणूस बाजारात काय लायकीचा ठरतो, हे मला ठाऊक होतं. मी टॉवेल ओढून काढला.

"मी गिऱ्हाईक नाही हो. फोटोवाला आहे."

दलालानं लेन्सला हात लावून पाहिला. "आरं तिच्या! तरी म्हटलं, एक बोट लोखंडागत कसं काय!"

घोळक्यात हशा फुटला. टेम्पोशी पोचलेला टोपीवालाही हसला. आप्पांनी ती संधी सोडली नाही. माझ्या हातातला टॉवेल हिसकावून ते त्याच्याकडे धावले, दोघांच्या हातांवर टाकला. मेंढा त्यांच्या पाठीमागे. मीही मागोमाग.

आता तिथं टेम्पोची सावली, आणि माझं छिद्र उन्हाचं. खुंटी दलालानं भलतीकडेच ढकललेली. टॉवेल हलत होता. एक टिचकी, दोन, तीन, चार. खुंटी खाली, दोन मीटरवर. पण माणसं हाताच्या अंतरावर, आणि मागं सरावं तर गुडघ्यांना मेंढरं टेकलेली. टोपीवाल्याची मान हलली. मी बटण दाबलं.

मेंढा टोपीवाल्याच्या टेम्पोतून गेला. आप्पांनी टॉवेल परत दिला तो मला न बघताच.

पुढच्या बाजाराला फोटो घेऊन गेलो. दोघांचे चेहरे धुक्यात, हातांचा नुसता ढीग. मागं मेंढा मात्र डोळ्याच्या पापणीसकट लख्ख. मी माफी मागू लागलो.

आप्पांनी फोटो उन्हात धरला.

"आमचं काय बघायचंय," ते म्हणाले. "ह्यो बराबर आलाय. रागीट होता, पर चालायचा लई डौलात."