वाळत घातलेल्या चिंध्या

माझा मामा जुनी दारं, कपाटं, खुर्च्या खरवडून, तेल-पॉलिश करून पुन्हा उभी करतो, आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींना घाबरतो. लाकडात राहून गेलेल्या खिळ्याला घाबरतो, वाळवीला घाबरतो, बंद खोलीला घाबरतो, आणि सगळ्यात जास्त घाबरतो तो स्वतःच्याच चिंध्यांना. घरात त्याला भित्री भागूबाई म्हणतात. हे नाव त्याच्या सख्ख्या बहिणीने, म्हणजे माझ्या आईने ठेवलं, आणि आईने ठेवलेलं नाव सुटत नाही.

लाकडाला जवसाचं तेल चोळायला चिंध्या लागतात. बाकीचे पॉलिशवाले काम झालं की त्या कोपऱ्यात भिरकावतात. मामा एकेक चिंधी उलगडून, झटकून तारेवर वाळत घालतो, एकीचं टोक दुसरीला लागू देत नाही. कडकडीत वाळल्या की पाण्यात बुडवतो आणि मगच फेकतो. तोवर तेलाची बादली नसली तरी चालेल, पण पाण्याची बादली त्याच्या नजरेसमोर लागते. कोणी कारण विचारलं तर कसनुसं हसून विषय बदलतो.

कारण आम्हाला ठाऊक होतं, निदान आमची तशी समजूत होती. मामा आणि माझे बाबा एकाच वर्कशॉपात कामाला होते. मी शाळेतही जात नव्हते तेव्हा तिथे आग लागली. मामा माल पोचवायला बाहेर गेला होता. बाबा जेवून माळ्यावर आडवे झाले होते, ते खाली आलेच नाहीत. बाबांना बिडीचं व्यसन होतं. मी सोडली, असं ते शपथेवर सांगत, पण आईचा विश्वास नव्हता आणि आगीनंतर तर कोणाचाच राहिला नाही. आई अजून त्यांच्यावर चिडलेली आहे. भिंतीवर फोटो आहे, पण त्याच्याकडे बघून ती एवढंच म्हणते, "धुरापायी आम्हाला उघड्यावर टाकून गेले." हे ऐकतच मी मोठी झाले, त्यामुळे मलाही बाबांचा राग येई.

आम्ही घर घेतलं तेव्हा नव्या दारांचे भाव ऐकून नवऱ्याचे डोळे पांढरे झाले. मामा म्हणाला, पाडलेल्या घरांचं सामान विकणारं एक गोदाम आहे, तिथून घेऊ. आम्ही दोन दारं आणि एक कपाट उचलून आणलं. दारांवर रंगाचे इतके थर होते की मामा पंधरवडाभर नुसता खरवडत होता. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली पिवळट, आणि त्याखाली सागाचं असं लाकूड निघालं की मी हात फिरवतच राहिले. त्यातलं एक दार माझ्या मुलीच्या, चिमीच्या खोलीला बसवलं. बिजागऱ्या मात्र गंजलेल्या होत्या. उघडताना दार असं करकरायचं की झोपलेली चिमी दचकून उठायची.

त्या दिवशी सकाळी दुसऱ्या दाराला तेल चोळून झाल्यावर मामाने गॅलरीत चिंध्या वाळत घातल्या आणि आम्ही दोघं बिजागऱ्या आणायला निघालो. चिमीजवळ आई होती. संध्याकाळी माझे सासू-सासरे घर बघायला येणार होते. जिना उतरताना मामा दोनदा थांबला. मी म्हटलं, मामा, तुझ्या चिंध्यांना कोणी पळवून नेणार नाही, चल.

मनासारख्या बिजागऱ्या मिळेपर्यंत दुपार कलली. मामाचं लक्ष दुकानात नव्हतंच. शेवटी त्याने मला घरी फोन लावायला लावला. आई खुशीत होती. म्हणाली, "गॅलरीतला तो अवतार आवरला एकदाचा. पाहुण्यांसमोर शोभा नको. तुम्ही गेल्या गेल्या सगळ्या चिंध्या खोक्यात दाबून भरल्या आणि चिमीच्या खोलीतल्या कपाटात ठेवल्या."

मामाने फोन हिसकावून घेतला. ताई, ते खोकं आत्ता बाहेर काढ आणि पाण्यात टाक, एवढंच तो परत परत सांगत होता. आई हसली. आत्ताच डोळा लागलाय पोरीचा, म्हणाली, दार उघडलं की ते करकरेल आणि ती भोकाड पसरेल. उठली की बघते. आणि तिने फोन ठेवला. पुन्हा लावला तर ती उचलेना. चिमी झोपली की आई फोनचा आवाज बंद करते.

मी मामाला विचारलं, काडी नाही, विस्तव नाही, कशाला एवढं घाबरतोस? त्याने हात करून रिक्षा थांबवली. रिक्षात तो पुढच्या दांडीला धरून बसला होता आणि स्वतःचेच हात हुंगत होता. मी आयुष्यात कधी देवाची इतकी विनवणी केली नव्हती. चौकात गाड्या अडकल्या तेव्हा आम्ही उतरलो आणि धावलो. या वयात मामा असा धावेल यावर माझा विश्वास बसला नसता.

दारातच वास आला. खूप दिवसांचं तेल कढईत करपावं तसा. आई म्हणाली, शेजारी काहीतरी तळताहेत. मामाने चिमीच्या खोलीचं दार ढकललं, ते करकरलं, चिमी रडायला लागली. मी तिला उचलून बाहेर आणलं. मामा खोकं घेऊन गॅलरीत गेला.

आई मागोमाग गेली, तणतणतच. खोक्यातल्या वरच्या चिंधीला हात लावून म्हणाली, "बघ, थंडगार आहे. उठवलंस ना लेकराला?"

"ताई, आत हात घाल."

तिने घातला, आणि चटका बसल्यासारखा, खरं तर चटका बसूनच, मागे ओढला. मामाने बोळा फाडून उघडला. मधोमध चिंध्या करपून तपकिरी झाल्या होत्या आणि वारा लागताच त्यांतून धूर निघाला. त्याने खोकंच बादलीत बुडवलं.

"काडी कोणी लावली?" आईने विचारलं.

"कोणीच नाही. हे तेल सुकताना आपोआप तापतं. दाबून ठेवलं की ऊब आत कोंडते आणि पेट घेते."

मी चिमीला थोपटत होते. ती गप्प झाली तेव्हा आईने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "त्या दिवशी वर्कशॉपात होत्या चिंध्या?"

"होत्या. जिन्याखाली, पोत्यात. मीच भरल्या होत्या, ताई."

"आणि बिडी?"

"भावोजींनी केव्हाच सोडली होती. मी दिवसभर सोबत असायचो, मला माहीत होतं. चिंध्यांचं तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे एका म्हाताऱ्या पॉलिशवाल्याने सांगितलं. तुला सांगायला निघालो होतो. तुझ्या घराच्या जिन्यापर्यंत आलो आणि तुझी भीती वाटली."

मला वाटलं, आता आई त्याला उभा चिरेल. मामालाही तसंच वाटलं असावं, कारण तो भिंतीला टेकून मान खाली घालून थांबला. आईने बादलीत हात घातला. एकेक चिंधी काढली, पिळली, झटकली आणि तारेवर वाळत घातली, एकीपासून दुसरी लांब. मामा मदतीला पुढे झाला, तेव्हा तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बिडीचा वास येतो का म्हणून मी त्यांचे खिसे हुंगायचे," ती तारेकडे बघत म्हणाली. "रोज. त्या दिवशी सकाळीसुद्धा."

मामाच्या खिशात बिजागऱ्यांची पुडी तशीच होती. त्याने विचारलं, ताई, मी जाऊ का.

"पोरीचं दार करकरतंय," आई म्हणाली. "ते नीट करून जा."