घरच्या एका माणसाचा अभिप्राय

टोरांटोतल्या एका विमा कंपनीत मी फायनान्समध्ये आहे, सोळा वर्षं झाली. गेल्या वर्षी बॉसने स्पष्टच सांगितलं, विभागप्रमुख व्हायचं असेल तर एक्झिक्युटिव्ह एमबीए कर. मी नाव घातलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा होमवर्क. शिक्षणाची हौस वगैरे काही नव्हती, वरची खुर्ची हवी होती. त्यात लाजायचं काय?

कोर्स चालू असतानाच मी तीन आठवडे डोंबिवलीला आलेले. वर्ग ऑनलाइन. तिकडची सकाळ म्हणजे इथली दिवेलागण. नेमका तेव्हाच आईचा कुकर शिट्ट्या मारायचा आणि मला म्यूटचं बटण सापडायचं नाही. येण्याचं कारण मात्र वेगळं होतं. बाबा जाऊन दोन वर्षं झालेली, आई एकटी. बिनलिफ्टच्या इमारतीत दुसरा मजला, दिवसातून एकदा पाणी. ठाण्यात घोडबंदर रोडला फक्त ज्येष्ठांसाठी बांधलेल्या एका इमारतीत मी चार महिन्यांपूर्वीच तिच्यासाठी चौदाव्या मजल्यावर फ्लॅट बुक केलेला. लिफ्ट, खालीच डॉक्टर, बाथरूममध्ये धरायला दांड्या. तिला तिकडे हलवायचं, हे घर विकायला काढायचं आणि परत जायचं, असा प्लॅन. आई त्यावर हो म्हणाली नव्हती. नाही पण म्हणाली नव्हती. मी ते हो धरून चाललेले.

दुसऱ्या आठवड्यात कोर्सचा एक फॉर्म आला. तुमच्याबद्दल आठ जणांकडून अभिप्राय घ्या: ऑफिसातले सात आणि घरचं एक माणूस. प्रत्येक मुद्द्याला पाचपैकी गुण, खाली दोन ओळी. लग्न मी केलेलं नाही, त्यामुळे घरचं माणूस म्हणजे आईच.

"सगळीकडे पाच लिही आणि मोकळी हो," मी म्हटलं.

आईने कोपरीतल्या एका शाळेत पस्तीस वर्षं शिकवलंय. चष्म्यावरून बघत म्हणाली, "न वाचता मार्क मी कोणाला दिलेले नाहीत. मराठीत करून प्रिंट काढून आण."

आणली बाई. दोन दिवस तो कागद तिच्याकडे होता. आधी पेन्सिलने भरला, मग पेनने. त्या दोन दिवसांत माझा वर्ग होता तो 'बदलासाठी माणसांची मनं कशी वळवावीत' यावर, आणि मी त्यात भरपूर बोलले.

कागद हातात आला. मेहनती आहे: पाच. शब्द पाळते: पाच. दुसऱ्याचं ऐकून घेते: दोन. निर्णय घेताना संबंधितांना विचारते: एक. खाली तिच्या सुबक अक्षरात लिहिलेलं: 'ठाण्याचं घर हिने ठरवलं. मला व्हिडिओ दाखवला. मग विचारलं, पडदे कुठल्या रंगाचे लावायचे.'

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! जिच्यासाठी एवढा आटापिटा करतेय, तिनेच एक गुण द्यावा?

आता हे सगळं इंग्रजीत करून वेबसाइटवर मीच भरायचं होतं. आई लॅपटॉपला हात लावत नाही. एकचे चार केले असते तर कोणाला पत्ता लागला नसता. मी चार टाकलेही. पण खालच्या ओळींपाशी अडले. पडद्यांचं वाक्य काही केल्या बदलता येईना, कारण ते खरं होतं. मी नेमकं तेच विचारलेलं, आणि आईला चटकन रंग सुचला नाही म्हणून क्रीम मीच ठरवलेला. लाज वाटली. चार खोडून एक केला, ओळी जशाच्या तशा घातल्या आणि फॉर्म पाठवून दिला.

मग स्वयंपाकघरात गेले. आई मेथी निवडत होती.

"आई, तुला ठाण्याला जायचंय का?"

"नाही," ती म्हणाली. मान वर केली नाही.

"मग चार महिने बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

"अगं, पण इथे पडलीस तर? मी तिकडे. मला भीती वाटते गं, रोज वाटते." हे मी तिला पहिल्यांदाच सांगत होते.

तिने जुडी बाजूला ठेवली. "वाटणारच. मलाही वाटते. पण बाबा पडले तेव्हा त्यांना कोणी उचललं?"

समोरच्या काकूंनी. काकूंनी आणि त्यांच्या मुलाने बाबांना खुर्चीत बसवून दोन जिने खाली उतरवलेलं, रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलेलं. मी पोचले तिसऱ्या दिवशी, तोवर सगळं आटोपलं होतं.

"चौदाव्या मजल्यावर मला कोण ओळखतं?" आई म्हणाली, आणि पुन्हा मेथी घेतली.

दुसऱ्या दिवशी मी बुकिंग रद्द केलं. भीती गेली नाही, ती आहे तशीच आहे. ऑफिसातल्या वरच्या खुर्चीचंही अजून काही ठरलेलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी आईच्या फोनमधून समोरच्या काकूंचा नंबर माझ्या फोनमध्ये घेतला. इतकी वर्षं तो माझ्याकडे नव्हता.