पाटावरचा पटका

आमच्या ड्रॉइंग मास्तरांना माणसांची तोंडं काढलेली खपत नसत. ‘चेहरा अल्ला मियाँ बना दिए, तुम कायकू बिगाड़ते?’ असं म्हणून ते आमच्या वह्या मिटायला लावीत. त्यात धर्माचा भाग किती आणि आमच्या हाताचा दोष किती, हे मला आजही सांगता येणार नाही. आम्ही काढलेली नाकं खरोखरच पाहवत नसत.

लढाईचे दिवस होते. शाळामास्तर होण्याचं शिक्षण घ्यायला मी बिदरला राहिलो होतो. सगळं शिकणं उर्दूत, अंगात काळी शेरवानी आणि डोक्यावर रुमी टोपी. गावाकडं पटका बांधून नांगरामागं चालणारा मी. पण त्या टोपीचा काळा गोंडा कानाशी हलायला लागला की उगाच तहसीलदार झाल्यासारखा चालायचो. पटका मी घरी खुंटीलाच ठेवून आलो होतो. शहरात तो बांधायची मला लाज वाटत होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

एके दिवशी मास्तरांनी प्रत्येकाला एकेक जाड कागद दिला. तसा कागद महिन्याला एकच मिळायचा. स्वतःची तसबीर काढायची, पण तोंड न काढता, रोजच्या वापरातल्या वस्तू मांडून. ‘देखने वाले कू मालूम होना, ये तुमिच हैं,’ असं त्यांनी बजावलं. चित्रावर नाव घालायचं नाही, चित्रं भिंतीला लावायची आणि कुठलं कुणाचं ते वर्गानं ओळखायचं. आठ दिवसांची मुदत होती.

बाकीच्या पोरांना ही थट्टा वाटली. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही, कारण एक तसबीर मी आधीच कबूल करून बसलो होतो.

माझं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं. बायको नांदायला आली आणि पाच आठवड्यांत मी बिदरला निघालो. पाच आठवडे थोडे नव्हेत, असं कुणी म्हणेल. पण चिंताकीकडचं आमचं घर माणसांनी गच्च भरलेलं. दिवसा नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, थोरांसमोर तिनं मान वर करायची नाही, आणि घासलेट मिळत नसल्यामुळं जेवणं झाली की दिवे मालवायचे. तिनं मला पाहिलं असेल ते पाठमोरं, नाहीतर गुडघ्यापासून खाली. दिवाळसणाला तिच्या माहेरी जायचं ठरलं होतं, ते परीक्षेनं खाल्लं.

मग एकदा वडील, आमचे अप्पा, बिदरच्या बाजाराला आले, तेव्हा बांगड्या भरायला म्हणून धाकटी बहीणही आली. अप्पा बैल बांधायला गेल्यावर ती तोंडावर हात धरून हसत म्हणाली, ‘‘अण्णा, वहिनी म्हणती, तुझं तोंड ध्यानात येईना झालंय.’’

मला हसू आलं नाही. खरं सांगायचं तर तिचंही तोंड मला आठवत नव्हतं. चुलीपुढचे हात आठवायचे, दळताना लागलेला आवाज आठवायचा, पण डोळे मिटून तोंड आणायला गेलो की पदराचा काठच पुढं यायचा. लग्नाची बायको, आणि तोंड आठवत नाही. मला स्वतःचाच राग आला. फोटो काढायचा तर अप्पांचं ठाम मत, फोटोनं आयुष्य कमी होतं. म्हणून बहिणीला म्हणालो, वहिनीला सांग, तसबीर काढून पाठवतो. चित्रात आपला हात कसा आहे, याचा त्या वेळी मला विसर पडला होता.

आता मास्तरांनीच वाट दाखवली होती. तोंड नको, नुसत्या वस्तू. म्हटलं, ही तसबीर वर्गात लावायची आणि मग गावी न्यायची.

आठ दिवस मी काय काढलं, तर एक गाठोडं. अप्पा बाजाराला आले की त्यांच्यापाशी बायको बांधून द्यायची ते. आत पंधरा दिवस टिकणाऱ्या कडक भाकरी, मडक्यात कारळ्याची चटणी, आणि भाकरींच्या मधोमध, कुणी मागितलेला नसताना, गुळाचा एक खडा. तिला लिहिता येत नव्हतं. अप्पांच्या हाती निरोप पाठवायचा तर जीभ रेटायची नाही. पण तिची गाठ मात्र साऱ्या जगाहून वेगळी. चारी टोकं बांधून झाली की शेवटचं टोक ती आत खुपसून टाकायची, बाहेर दिसूच द्यायची नाही. पहिल्या वेळी मी ती दातांनी सोडवली. पुढं पुढं गाठोडं उशाशी तसंच राहू द्यायचो, एक दिवस, कधी दोन. त्या गाठीवर मी तीन दिवस पेन्सिल घासली. आयुष्यात काढलेली तेवढी एकच गोष्ट मला नीट जमली.

भिंतीला चित्रं लागली. एकाची हॉकीची काठी, एकाचा नमाज पढायचा जायनमाज, एकाचा फुटक्या काचेचा चष्मा. पोरांनी पटापटा ओळखली. माझ्यापाशी येऊन सगळे थांबले. माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारा, माझ्या निम्म्या भाकरी खाणारा भालकीचा गडी पुढं वाकून म्हणाला, ‘‘ही तर कुणाची तरी बायको हाय.’’ वर्ग खिदळला. त्यानं गाठ ओळखली होती, पण माझं नाव घेतलं नाही, एवढे उपकार.

मास्तर बराच वेळ चित्रासमोर उभे राहिले. चित्र कुणाचं हे माझ्या कानांच्या रंगावरून त्यांना कळलंच असावं. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, ‘‘तस्वीर तो अच्छी है मियाँ. मगर इसमें आप किधर हैं?’’

मी तापट माणूस. तेव्हा तर फारच होतो. कागद भिंतीवरून ओढून काढला. फाडणारच होतो, पण दुसरा मिळायला महिना लागला असता. म्हणून तोच उलटा केला आणि मागच्या कोऱ्या अंगावर दोन दिवसांत दुसरं चित्र काढलं. खुंटीवर शेरवानी, तिच्यावर टोपी, खाली दौत, टाक आणि कवायतीचे बूट. शेरवानीच्या खिशावरचा शाईचा डागसुद्धा काढला. सगळ्यांनी एका झटक्यात ओळखलं. मास्तरांनी मान डोलावली आणि कागद परत देताना हळूच म्हणाले, ‘‘पहचान तो लिए सब. पीछे वाली कू सँभालो.’’ म्हातारा काहीतरी बरळतो, असं वाटून मी कागदाची गुंडाळी केली.

मग येळवस आली. मार्गशीर्षाच्या अवसेला आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवायला जातं. ज्वारी डोक्याइतकी उभी असते. कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, पूजा करायची, आणि मग भज्जी, उंडे, आंबील. लग्नानंतरची पहिली येळवस असली की पूजेला नव्या जोडप्यानं बसायचं, ही आमच्या घरची रीत. सुटी मिळणार नाही, असं मी कळवून टाकलं होतं. आदल्या दिवशी ती अचानक मिळाली.

औरादपर्यंत मोटर, तिथून पायी. वेळेवर पोचलो असतो. पण शेताच्या अलीकडच्या ओढ्यावर थांबून मी शेरवानीवरची धूळ झाडली, बूट ओल्या फडक्यानं पुसले, पाण्यात बघून टोपी सारखी केली. तिनं मला पहिल्यांदा नीट बघायचं तर असं बघावं, अशी माझी हौस. त्या हौसेपायी पूजा चुकली.

कोपीपाशी पोचलो तर सगळे हात जोडून उभे. आत ती पाटावर बसलेली, माझ्याकडं पाठ. आणि तिच्या शेजारच्या पाटावर माझा पटका.

घरचा पुरुष परगावी असला की त्याच्या जागी त्याचा पटका बसवायचा, हे मला ठाऊक होतं. लहानपणी चुलत्याचा बसलेला पाहिलाही होता. पण स्वतःचा पाहायची वेळ कधी आली नव्हती. मी पुढं सरकलो, तर अप्पांनी हातानंच थांबवलं आणि जवळ येऊन कानात सांगितलं की एकदा बसवलेली जागा पूजा पुरी होईपर्यंत मोडायची नसते. मग काय, शेरवानी-टोपीतला मी बांधावर उभा आणि माझा पटका तिच्याशेजारी. तिनं पाच दगडांना कुंकू लावलं आणि पटक्यालाही बोट टेकवलं. वाऱ्यानं त्याचं एक टोक उडालं, तर तिनं ते अगदी सावकाश, एका बोटानं आत सारलं. तसंच, गाठोड्याच्या टोकासारखं. मला माझ्याच पटक्याचा हेवा वाटला. इतका हेवा मी पुढं कुणाचाही केला नाही.

पूजा झाली. आंबील शिंपडत शेताला फेरी घालायला सगळे कानडी आरोळ्या देत निघाले. पानं वाढायला ती कोपीत मागं राहिली. धाकटी बहीण शहाणी, तिनं उरलीसुरली पोरंही हाकत नेली. मी आत गेलो आणि गुंडाळी तिच्यापुढं धरली.

तिनं ती उलगडली, शेरवानीची बाजू. खाली मान घालूनच बराच वेळ पाहिलं.

‘‘हे कोण?’’

‘‘मी.’’

‘‘ह्यात तुम्ही कुठं हाव?’’

तोच प्रश्न, दुसऱ्या भाषेत. माझा चेहरा पडला असावा, पण तो ती बघत नव्हती. लिहिता-वाचता न येणारं माणूस कुठलाही कागद उलटसुलट करून बघतं, तसा तिनं तो उलटला. गाठोड्यावर तिचं बोट फिरलं आणि गाठीपाशी थांबलं.

‘‘ही गाठ माझी हाय,’’ ती म्हणाली. मग गाठीवरून बोट न उचलता, ‘‘इतकी बघत बसलाव व्हय?’’

मी म्हणालो, ‘‘तोंड ध्यानात येईना म्हणलीस नव्हं?’’

मला वाटलं, आता वर बघेल. तिनं वर बघितलं नाही. हात लांबवून पाटावरचा पटका उचलला आणि माझ्यापुढं धरला.

‘‘ते काढा डोक्यावरचं. हे बांधा. मग बघते.’’

सहा महिन्यांत सवय मोडली होती, पटका काही धड बांधला गेला नाही. पण तिनं बघितलं. लाजत-बिजत नाही, निवडायला घेतलेल्या ज्वारीकडं बघावं तसं, सावकाश, एकही खडा न सोडता. मीही बघून घेतलं. तिच्या उजव्या भुवईत एक तीळ होता. माझ्या बायकोच्या भुवईत तीळ आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मग आरोळ्या जवळ आल्या आणि तिनं पदर पुढं ओढला.

चित्र तिनं आमच्या खोलीत लावलं, गाठोडं पुढं आणि शेरवानी भिंतीकडं. मी मास्तर झालो, शेरवानीत शाळेला जायचो. पण घरात आल्या आल्या टोपी काढायची, हा तिचा हुकूम होता. पुढं निजामाचं राज्य गेलं, ते गडबडीचं साल आलं. आमच्याकडं त्या वर्षाला अजून एवढंच म्हणतात. एका सकाळी घराला कुलूप लावून आम्ही उमरग्याकडं नातलगांत निघून गेलो. काही महिन्यांनी परतलो तेव्हा आढं खाली आलेलं होतं आणि चित्राचा लगदा झाला होता. मी तिथंच बसून रडलो. निघताना बाकी सगळं बांधलं, तेवढी तसबीर कामून इसरलीस, म्हणून तिच्यावर ओरडलोही. तिनं वाटेभर उराशी धरून आणलेलं गाठोडं पुढ्यात ठेवलं, आत खुपसलेलं टोक शोधून गाठ सोडली, आणि सगळ्यांत खालून माझा पटका काढला.

‘‘आणली की तसबीर,’’ ती म्हणाली.

आता ती नाही. ती गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. तिचा फोटो घरात आहे, थोरल्यानं म्हातारपणी काढून घेतलेला. पण त्यात तिनं डोळे वटारलेत आणि तीळ दिसत नाही. मला तो तिचा वाटत नाही.

मागच्या वर्षी नातवानं नवं घर बांधलं. वास्तुशांतीला वडीलधारं म्हणून मलाच पाटावर बसवलं. गुरुजी म्हणाले, आजी नाहीत, तर त्यांच्या जागी कमरेला सुपारी खोचा. सुनेनं सुपारी आणून दिली. मी पटका सारखा केला, सुपारी कमरेला खोचली आणि बसलो. एवढीशी सुपारी, पण सबंध पूजाभर ती कमरेला टोचत होती, आणि मला ते बरं वाटत होतं.

मधेच मनात आलं, ही जर आज उशिरा आली असेल तर? ओढ्यावर पाय धूत थांबली असेल, आणि आता मागं दारात उभी राहून बघत असेल, की आपल्या जागी सुपारी बसली. एकदा बसवलेली जागा मोडत नाहीत, हे तिला माहीत आहे. ती आत येणार नाही. पूजा पुरी होईपर्यंत मी हललो नाही. गुरुजींनी उठा म्हटल्यावर मात्र आधी मागं वळून बघितलं.