सुलभाताईंनी माइक हातात घेतला तेव्हा

सुलभाताईंना मी आधी ऐकलं, मग पाहिलं. मुलुंडला पिठाच्या गिरणीच्या वर त्यांचं ऑफिस होतं, अजूनही आहे. कंपनी सेक्रेटरीच्या कामाची उमेदवारी करायला मी वाकोल्याहून आलो होतो. जिना चढतानाच आतून आवाज आला, "अहो, सासऱ्यांनी पैसे दिले म्हणून ते तुमचे होत नाहीत. त्यांना शेअर द्या, वर्षाला हिशेब द्या. जावईपण घरी!" मी दारातच थबकलो. फोन ठेवून ताईंनी मला वरून खाली न्याहाळलं. "घाबरलात? बसा. मी सगळ्यांशी अशीच बोलते. चहा घेणार ना?"

त्या आता पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत. गौरवांकाच्या संपादकांनी मला त्यांच्या 'कार्यकर्तृत्वावर' लिहायला सांगितलं आहे. बापरे! हा शब्द ताईंनी लाल पेनाने खोडला असता. मी आपलं त्यांच्या कामावर लिहितो.

उपनगरांतल्या गाळ्यांमध्ये चालणाऱ्या लहान कंपन्यांना भांडवल कायदेशीरपणे उभं करून देणं, हे त्यांचं काम. मोठी कंपनी जनतेकडे पैसे मागायला निघाली की जाडजूड माहितीपत्रक, तपासणी, मंजुऱ्या असे सगळे सोपस्कार असतात. लहान कंपनीला ते झेपत नाही, म्हणून कायदा सवलत देतो. मोजक्याच माणसांना, आधी नावं ठरवून, ज्याच्या त्याच्या नावाचं पत्र देऊन विचारायचं. दवंडी पिटायची नाही. ताई आम्हाला सांगत, "मुंजीची पत्रिका वेगळी आणि गावजेवण वेगळं. पत्रिका ज्याच्या नावाची, त्यानेच यायचं." हे एका वाक्यात कळतं. पाळायला मात्र जड जातं, कारण आपल्याकडे आपली माणसं मोजायची कुणाला सवय आहे?

सदानंद गावडे आमचे अशील. दिंडोशीच्या एका गाळ्यात कोकमाचं आगळ आणि सरबत करायचे. माल झकास, मागणी भरपूर, बाटल्या मात्र हाताने भरायच्या. भरायचं यंत्र घ्यायचं ठरलं, गुंतवणूक करणाऱ्यांची नावं ठरली, पत्रंही तयार झाली. आणि त्याच आठवड्यात रविवारी चेंबूरच्या एका हॉलमध्ये त्यांच्या गावच्या मंडळाचं स्नेहसंमेलन होतं.

सोमवारी गावडे पेढे घेऊनच आले. "ताईनू, आख्खो गाव तयार आसा! माइकवरसून सांगितलंय, आपल्या कंपनीत भाग घेवा म्हणान."

ताईंच्या हातातला पेढा तसाच राहिला. "माइकवरून?"

"मगे? मागच्यांका आयकाक कसा येतला?"

"वाट लागली, सदानंदराव," ताई म्हणाल्या. "आता ती सवलत तुमची राहिली नाही. हे सगळं थांबवायचं. ठरलेली पत्रंही द्यायची नाहीत."

यंत्रासाठी दिलेली आगाऊ रक्कम बुडणार होती, कोकमाचा हंगाम तोंडावर होता. गावडे लालबुंद झाले. खरं सांगतो, मलाही ताईंचा राग आला. मी म्हटलं, "ताई, आपलीच माणसं आहेत ना ती! कोण तक्रार करणार?"

"आपली आहेत म्हणूनच करणार नाहीत," ताई म्हणाल्या. "ज्यांची नावं ठरली, ते गाळ्यात येऊन सदानंदरावांना खडसावून विचारू शकतात. मागच्या रांगेतल्या बाईला काय ऐकू आलं? गावचा झील, म्हणजे आपलाच मुलगा, गावची कंपनी. ती काहीच विचारणार नाही. थेट चेक फाडेल."

मंडळाच्या पुढच्या सभेला ताई स्वतः गेल्या. माइक मागून घेतला आणि म्हणाल्या, "गावडे प्रामाणिक आहेत, माल चांगला आहे. तरी यांना पैसे देऊ नका. असं मागायची यांना मुभा नाही. ज्यांनी चेक दिलेत त्यांनी ते आजच परत घ्या." हॉलमध्ये एकच कुजबुज. गावडे पाठ फिरवून निघून गेले. केलेल्या कामाची फी ताईंनी मागितली नाही. गावड्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

त्याच सुमारास मी परीक्षेत आपटलो. तोंड लपवत ऑफिसला गेलो तर ताई म्हणाल्या, "नापास झालात ना, मेला नाहीत. उद्यापासून अभ्यासाला घरी बसा." त्या महिन्यांत माझा पगारही चालू राहिला आणि माझ्या वाटचं कामही त्यांनीच केलं. बाहेर कुणाला कळू दिलं नाही. आज मी छापून टाकतोय, याबद्दल त्या मला झापणार आहेत.

गावडे पुढे परत आले. हंगाम गेलाच होता. नव्याने, रीतसर, धंदा जाणणाऱ्या मोजक्या लोकांकडून भांडवल आलं आणि कंपनीने खरोखर नाव काढलं. म्हणजे ताईंनी ज्यांना अडवलं, त्यांचा फायदा हुकलाच. हे टोचणारं आहे आणि ते टाळून मला ताईंचा गौरव करायचा नाही.

गेल्या वर्षी एक म्हाताऱ्या आजी जिना चढून ऑफिसात आल्या. दम लागला होता. बसायच्या आधीच म्हणाल्या, "तुमी नको म्हणालात म्हणान मी चेक मागे घेतलंय. नवऱ्याचे कापडगिरणीतले पैशे होते. आज केवढे झाले असते!"

आता ताई कायदा समजावतील असं मला वाटलं. त्या उठल्या, आजींना स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "हो, वाढले असते. तुमचं नुकसान माझ्यामुळे झालं. पण बुडालेही असते, आणि यातलं काय होईल ते त्या दिवशी मला माहीत नव्हतं. तुम्हाला तर नव्हतंच नव्हतं."

आजींनी पाणी संपवलं. मग दाराकडे वळून त्यांनी हाक मारली. त्यांचा नातू आत आला. तिशीचा गडी, खाद्यपदार्थांची नवी कंपनी काढलेला, भांडवलाच्या शोधात. आजी त्याला म्हणाल्या, "ह्येंच्याकडेच कागद कर, झिला. आपल्या गिऱ्हाइकाक भर सभेत गप करणारी बाय दुसरी सापडाची नाय."

पुरस्कार ताईंना पुष्कळ मिळाले. त्या दिवशी मात्र त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी बघत होतो. नंतर माझ्यावरच खेकसल्या, "बघताय काय? यांच्यासाठी चहा सांगा!"

ताई, गुडघ्यांनी तुम्हाला साथ द्यावी, साखर आटोक्यात राहावी आणि आवाज मात्र आहे तसाच खणखणीत राहावा. शंभरीपर्यंत आम्हाला असंच अडवत राहा. आमचं नुकसान झालं तरी चालेल.